कुमुदच्या वहीत नावं नव्हती

विलासराव, वहिनी, महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या पेठेतल्या सगळ्या मंडळींनो,

आत या ना. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला अवघड वाटतं, मला ठाऊक आहे. मलाही इथे उभं राहायला अवघड वाटतंय. हा कागद मी तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा फाडला. हा चौथा. पण थोडं जवळ या. माझा आवाज लहान आहे, आणि जे सांगायचं आहे ते पुन्हा सांगायचा धीर मला होईल असं वाटत नाही.

मंगल, तूही आलीस. तू येशील की नाही, मला शंका होती. बस बाई, पंख्याखाली बस.

कुमुदला जाऊन आज दहा दिवस झाले. माझ्या आधी तिघीजणी बोलल्या. मनापासून बोलल्या. कुणी तिच्या टापटिपीबद्दल बोललं, कुणी तिच्या खणखणीत आवाजाबद्दल, कुणी तिच्या हातच्या तिखटजाळ पोह्यांबद्दल. सगळं खरं. पण एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही. वाटेत चिखल असला की आपण साडी उचलून कडेकडेने जातो ना, तशा सगळ्याजणी त्या गोष्टीच्या कडेने गेलात. गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये, म्हणून.

मी त्या चिखलात उतरणार आहे. मी यादीबद्दल बोलणार आहे.

कोणती यादी, हे पेठेतल्या माणसाला सांगावं लागणार नाही. पण कुमुदचे पाहुणे गडहिंग्लजहून आले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. टाळेबंदीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आपल्या पेठेतल्या आजारी माणसांची, आणि त्यांना भेटलेल्या माणसांची एक यादी सगळ्यांच्या फोनवर फिरली. नाव, नंबर, कोण कधी कुणाकडे गेलं होतं, सगळं. आणि ती यादी कुमुदने फोडली असं ठरलं. कुणी ठरवलं? सभा झाली नाही. चौकशी झाली नाही. तिला कुणी समोर बसवून विचारलं नाही. नुसतंच ठरलं. आपण ठरवलं. मी धरून.

आता कुणाबद्दल ठरवलं, ते ऐका.

आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये एका वर्गात. मी दुसऱ्या बाकावर, ती माझ्या बरोबर मागे, तिसऱ्या. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, आणि तिच्या दप्तराला कायम ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. गणिताच्या तासाला मागून माझ्या वेणीला हिसका बसायचा आणि उत्तर कानात यायचं. शाळेच्या फाटकाच्या आत 'येस सिस्टर', 'थँक यू सिस्टर'. फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की, "चल की गं शरे, पाय उचल, भेळवाला जाईल." माझं नाव शरयू. 'शरे' म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

पुढे मी शिक्षिका झाले आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. आजच्या मुलींना कळणार नाही. तेव्हा मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा, आणि तो कुमुदसारख्या एखादीने हाताने जोडून द्यायचा. कॉल जोडणाऱ्या बाईला बोलणं ऐकू यायचं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. या शहरातल्या सोयरिकी, भांडणं, बाळंतपणं, मरणं, सगळी कुमुदच्या कानावरून गेली आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न असंच फोनवर मोडलं. मुलाकडच्यांनी बेळगावहून कॉल लावला होता. तो कुमुदने जोडला. त्याच संध्याकाळी ती माझ्याशेजारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खात होती. मी बहिणीच्या शालूचा रंग सांगत होते. ती म्हणाली, "चांगला दिसंल." एवढंच. आमच्या घरी वडिलांनी आम्हा मुलींना सांगायला आठ दिवस घेतले. मी तिच्यावर भयंकर चिडले. "कुमी, तुला माहीत होतं आणि तू मला शालूबद्दल बोलू दिलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं, तर ह्याच्यापुढं तू तरी फोनवर काय बोलली असतीस का?"

अशी बाई. आणि आपण तिच्यावर संशय घेतला, तोही कशावरून? तिला ऐकायची सवय होती, यावरून.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात कुमुद निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. महापालिकेच्या वॉर्ड कचेरीत फोन करायला माणसं कमी पडत होती. ही आपणहून गेली. रोज सकाळी घरोघरी फोन करायचा. ताप किती? श्वास लागतो का? गेल्या चार दिवसांत कुणाकुणाला भेटलात? तिला लोक खरं सांगायचे, कारण ती आरडाओरडा करायची नाही. "बरं. ऱ्हावा घरात. उद्या ह्याच टायमाला करतो," म्हणायची आणि फोन ठेवायची.

तिची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची. मी ती पाहिली होती, हे लक्षात ठेवा. तिच्यात घराचा नंबर, तारीख, ताप. नाव एकही नाही. मी विचारलं होतं, "अगं, नाव नाही लिहीत? घोटाळा होईल." तर म्हणाली, "एक्स्चेंजमधली सवय. नंबर लिहायचा, काम झालं की खोडायचा. नाव लिहिलं की कागदाला पाय फुटतात."

त्याच दिवसांत आपल्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. ती कुणी टाकली, हे मी गेले कित्येक दिवस शोधते आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, मला दुसऱ्या ग्रुपवरून आली. सरकारचं ॲप वेगळं होतं, हे वेगळं. वर एका ढालीचं चित्र, आणि खाली लिहिलेलं की हे घेतलंत तर आजूबाजूला कोण आजारी आहे ते कळेल आणि आजारी माणसाच्या जवळून गेलात तर फोन वाजेल. कुणाला नको होतं तेव्हा असं काही? आपण दाराची कडी साबणाने धूत होतो. दुधाची पिशवी उन्हात ठेवत होतो. शेजारी शिंकला तर खिडकी लावत होतो. शेजारच्या घरात काय चाललंय ते कळवणारं यंत्र फुकट मिळतंय म्हटल्यावर उड्या पडणारच.

पण ॲप इंग्रजीत होतं. आणि गल्लीत इंग्रजी कुणाला येतं? कॉन्व्हेंटच्या बाईंना.

तुम्हाला आठवतंय का, सुलूताई? अनसूयाबाई? माझ्या पायरीवर तुम्ही एकेक हात अंतर सोडून उभ्या होतात, तोंडाला पदर, हातात मोबाईल. मंगल, तू म्हणालीस, "बाई, मी कुठं वाचतो ते इंग्लिश? तुमीच दाबा की."

मी दाबलं. अकरा फोनवर मी दाबलं. बारावा माझा.

ते ॲप आधी विचारत होतं हो. फार अदबीने विचारत होतं. तुमच्या फोनमधले नंबर पाहू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? आजूबाजूचे फोन पाहू का? आणि प्रत्येक प्रश्नाखाली दोन बटणं. आमच्या सिस्टर शिकवायच्या, की कुणी दार वाजवून, परवानगी मागून आत आलं, तर हसून 'या' म्हणावं. मी त्या वळणाची. विचारलंय ना त्याने? मग 'हो' म्हणा. मी प्रत्येक ठिकाणी 'हो' म्हणत गेले. खरं सांगते, मला त्या दिवशी अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांनी माझं इंग्रजी गल्लीच्या कामी आलं.

कुमुदने ते घेतलं नाही. तिच्याकडे बटणांचा फोन होता, त्याच्यात ते आलंही नसतं. पण माझा फोन हातात घेऊन तिने वाचलं. तिसऱ्या बाकावरची असली तरी इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. म्हणाली, "शरे, ताप बघायचाय न्हवं? मग तुझ्या भावजयीचा नंबर ह्याला कशाला पायजे?"

मी म्हटलं, "कुमी, जग पुढे गेलं. तू अजून एक्स्चेंजमध्येच बसलीस."

"बसलो असंन. पर तिथं कोण ऐकतंय ते म्हाईत होतं. हिथं कोण बसलंय, सांग की."

  मी हसले आणि फोन परत घेतला.

पंधरा दिवसांत यादी आली. फोटो होता, कागदाचा असावा तसा. तिच्यात मंगलचं घर होतं, कारण मंगलच्या नवऱ्याला ताप होता. तिने तो, घरी औषधं कोण आणून देतं त्यासकट, ॲपात भरवून घेतला होता आणि कुमुदलाही फोनवर सांगितला होता. सुलूताई होत्या. जोशीकाकू होत्या. आणि मंगलकडे औषधं पोचवायला गेलेली कुमुदही होती.

नावं मोठी मजेशीर होती. 'मंगल डबा'. 'सुलूताई वरचा मजला'. 'शिवणाच्या अनसूयाबाई'. 'जोशीकाकू नवा नंबर'. आजाऱ्यांच्या यादीत 'नवा नंबर' कशाला? आपण त्याच्यावर विनोद केले. काकूंना काही दिवस सगळे 'नवा नंबर' म्हणत होते. पण असं कोण लिहील, हे कुणी विचारलं नाही. तिथे आपली शंका गेलीच नाही. शंका गेली कुमुदवर. सगळ्यांचा ताप तिला माहीत होता, म्हणून तिच्यावर. ॲप घेतलं नाही, म्हणून तर जास्तच. "आपलं झाकून ठेवलं, दुसऱ्याचं उघडं केलं," असं इथेच बसलेल्या कुणीतरी म्हटलं होतं. मी नाव घेत नाही. घाबरू नका. आज मी दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला उभी नाही.

मी काय केलं, ते सांगते.

मी खिडकीत उभी होते. कुमुद वॉर्डातून घरी चालली होती. मी हाक मारली. ती खाली थांबली. मी वरून विचारलं, "कुमी, खरं सांग. तुझ्या वहीतून गेलं का?"

तिने मास्क खाली केला. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला काय वाटतंय?"

मी काही बोलले नाही.

ती वही मी पाहिली होती. तिच्यात एक नाव नव्हतं. शालूची गोष्ट मला पाठ होती. तरी मी काही बोलले नाही.  तिने मास्क वर केला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिला वॉर्डात येऊ नका म्हणून सांगितलं. आणि लोकांनी ताप सांगणं बंद केलं. का सांगतील? यादी आल्यावर मंगल घरोघरी द्यायची ते जेवणाचे डबे एका दिवसात बंद झाले. तिच्या दारापुढे कुणीतरी फिनेल ओतून गेलं. नळावर ती आली की बाकीच्या बादल्या उचलायच्या. मग तिच्या सासऱ्यांना, आबांना, ताप आला. मंगल, मी बोलू का? ... बरं.

त्यांनी तो लपवला. पाच दिवस. कुमुदच्या जागी आलेल्या माणसाने फोन केला, तर घरच्यांनी सांगितलं, सगळे ठणठणीत आहेत. आबा कोपऱ्यातल्या खोलीत तोंडात पंचा धरून खोकायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सहाव्या दिवशी नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर केलात.

आबा गेल्यावर मंगल कुमुदच्या दारात आली होती. सगळ्या गल्लीने ऐकलं. मी पण ऐकलं, खिडकीतून. "आबास्नी तुमी खाल्लं बाई! तुमास्नी इस्वासानं सांगितलं, आनि तुमी बाजार मांडला. जीभ झडंल तुमची!"

कुमुद दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. विलासराव, तुम्ही बहिणीला आत ओढलंत, मी पाहिलं.

त्यानंतर आठवड्यात मी आजारी पडले. दवाखान्यात बारा दिवस होते. घरी आले तर उठवत नव्हतं. मुलगा-सून पुण्याला अडकलेले. रोज अकरा वाजता माझ्या पायरीवर मऊभात आणि मेतकूट यायचं. डबा ठेवून, कडी वाजवून, ती जायची. मी खायचे. आणि सांगू का, खाताना माझ्या मनात यायचं, की हिला मनातून टोचत असेल, म्हणून आणते. असा माझा संशय. तिच्या हातचा भात खाताना.

साथ ओसरली. मंडळाची सहल पन्हाळ्याला गेली. सहलीची यादी मी केली, मी चिटणीस. तीत कुमुदचं नाव नव्हतं. कुणी काढ म्हटलं नव्हतं. मीच घातलं नाही. परत आल्यावर ती भाजीच्या गाड्याशी भेटली. म्हणाली, "धुकं होतं का गं वर?" मी म्हटलं, "होतं." ती म्हणाली, "छान." आणि मेथीची जुडी निवडायला लागली.

दोन वर्षांपूर्वी माझी सून स्नेहल आली होती. ती पुण्यात संगणकाचंच काम करते. मला नवा फोन घेतला, आणि जुन्यातली नावं नव्यात घालताना ती हसायला लागली. "आई, काय हो ही नावं! 'मंगल डबा'? 'जोशीकाकू नवा नंबर'?"

मी म्हटलं, "अगं, काकूंनी नंबर बदलला तेव्हा जुना-नवा कळावा म्हणून..." आणि तिथेच थांबले.

यादीचा तो फोटो मी जपून ठेवला होता. का ठेवला होता, देव जाणे. स्नेहलला दाखवला. तिने एका हातात फोटो आणि एका हातात माझा फोन धरला आणि एकेक नाव वाचत गेली. वरचा मजला. शिवणाच्या. डबा. नवा नंबर. मंडळाची चिटणीस म्हणून सगळ्या पेठेचे नंबर माझ्याकडे होते, आणि त्यांच्यापुढे मी मला समजेल असं, माझ्या डोक्यातलं लिहून ठेवलं होतं. यादीत प्रत्येक नाव तसंच्या तसं.

स्नेहल म्हणाली, "आई, त्या ॲपनं नुसते नंबर नेले नाहीत. तुम्ही नावं कशी लिहिलीत, तेही नेलं. ज्यांनी ताप भरला, घरी कोण आलं ते भरलं, ते सगळे नंबर तुमच्या नावांना जोडले. कोणाच्या जवळ कोणाचा फोन होता, तेही होतंच त्यांच्याकडे. यादी झाली तयार."

"त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

ती म्हणाली, "तेच कळणार नाही. ते ॲप आता कुठे सापडत पण नाही. पण माहिती असेल. माहिती कोण कशाला टाकून देईल?"

मग तिने विचारलं, "आणि हे 'कुमी तिसरा बाक' कोण?"

यादीत शेवटून दुसरी ओळ होती ती. 'कुमी तिसरा बाक'. मंगलच्या संपर्कातली. मी ती तेव्हा वाचलीच नव्हती. मोठ्या चवीने दुसऱ्यांची नावं वाचली होती, तिचं वाचलं नव्हतं.

मैत्रिणींनो, यादी माझ्या फोनातून गेली. वॉर्डातून नाही. निळ्या वहीतून नाही. मी पाच-सहा वेळा 'हो' म्हटलं, तिथून गेली.

हे मला दोन वर्षं माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही. कुमुदलासुद्धा नाही. उद्या सांगू, सणानंतर सांगू, तिचं मोतीबिंदूचं होऊ दे मग सांगू. मी मुलांना नीतिपाठ शिकवलेली बाई. मला उद्या शोधायला कधी कष्ट पडले नाहीत.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा गेले. वहिनी चहा करायला आत गेल्या होत्या. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "कुमी, ती यादी माझ्या फोनातून गेली गं."

ती डोळे मिटून म्हणाली, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"यादी आली त्या दिवसापास्नं. तिसरा बाक दुसऱ्या कुणाला म्हाईत हाय, येडे?"

म्हणजे मी खिडकीतून विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. मंगल दारात उभी राहून शिव्याशाप देत होती, तेव्हा तिला माहीत होतं. माझ्याकडे बोट दाखवायचं, एवढंच करायचं होतं. मी समोरच खिडकीत उभी होते.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"आधी म्हटलं, तुझं तुला उमजंल. तेवढ्यात तू आजारी पडलीस. तुला तसल्यात काय सांगायचं? मग म्हटलं, बरी झाली की तिला कळंल. मग म्हटलं, कळलं की यील." डोळे उघडून म्हणाली, "लईच वेळ लावलास की गं."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "शाळेत पण असंच. छडी माझ्या हातावर आणि रडायचीस तू." आणि हसली. मग गंभीर झाली. "मला काय न्हाय त्याचं. पर मंगलला सांग. आबांचं तिच्या मनात माझ्यावर हाय. मी गेल्यावर तिनं कुणावर राग धरायचा? मेलेल्यावर धरलेला राग कुजतोय गं. तिला सांग."

मी हो म्हटलं. आणि त्या पंधरा दिवसांत, मंगल, मी तुझ्या दारावरून चारदा गेले. चारदा.

मग कुमुद गेली. मी मनात म्हटलं, देवा, मला क्षमा कर, मी मनात म्हटलं, आता कुणाला कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी विलासरावांकडे बसले होते. कुमुदचा फोन वाजला. विलासरावांनी उचलला, ऐकलं, "राँग नंबर" म्हणून ठेवला. मग मला म्हणाले, "ताई, कायतरी आरोग्य विमा म्हणत होती बाई. पर म्हणे, 'कुमी तिसरा बाक मॅडम आहेत का?' हे काय असतंय हो?"



कळतंय का तुम्हाला? इतक्या वर्षांनी कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या पुढ्यात माझ्या मैत्रिणीचं नाव आहे. मी ठेवलेलं. एका शाळेतल्या एका बाकावरचं. तिच्या अस्थींचं विसर्जन व्हायचं होतं, आणि ती यादी तिला हाक मारत होती. अनसूयाबाई, तुम्हालाही मध्ये फोन आला होता ना, 'शिवणाच्या' म्हणून? तुम्ही म्हणालात, बघा, पुण्यापर्यंत माझं नाव झालं. मी तेव्हा गप्प बसले. तुमचं नाव झालेलं नाही हो. तुमचं नाव विकलं गेलंय. पुढे कोण घेईल, कशासाठी घेईल, तुमच्या दम्याचं कुणाला कळेल, तुमच्या नातीच्या सोयरिकीत ते कोण काढेल, मला सांगता येत नाही. मला आता प्रत्येक अनोळखी फोनचा संशय येतो. आला पाहिजे, असं वाटतं. तेव्हा जरासा आला असता तर बरं झालं असतं. आम्ही तो ओळखीच्या बाईवर खर्च केला.

बरेच जण म्हणतील, शरयूताई, तुम्हाला काय माहीत होतं? तुमची काय चूक? साथ होती, सगळे घाबरलेले होते. हे मी स्वतःला दोन वर्षं सांगितलं आहे. बटण दाबलं ही चूक असेल, अडाणीपणा असेल. त्याच्याबद्दल मी हात जोडून माफी मागते. पण खिडकीत गप्प राहिले, त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. आणि गेली दोन वर्षं गप्प राहिले, त्याला तर काही म्हणायला माझ्याजवळ शब्द नाही, इंग्रजीतही नाही.

मंगल, इकडे बघ. मान खाली घालू नकोस, तू घालायचं कारण नाही. तुझ्या घराचं नाव कुमुदने बाहेर काढलं नाही. तिने कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. तुझ्या दारात फिनेल पडलं, तुझे डबे बंद झाले, आबांनी तोंडात पंचा धरला, ते माझ्या फोनातून गेलेल्या यादीने. तू तिला जे बोललीस, ते सगळं तिने माझ्यासाठी ऐकून घेतलं. तो राग चुकीच्या घरी गेला. माझं दार आठवं, पिंपळाच्या पुढचं. तू कधीही ये. मी खिडकीत उभी राहणार नाही, खाली येईन.

आणि वॉर्डातलं कुणी इथे असेल, मंडळाच्या अध्यक्षा तर समोर आहेतच. तुमच्या दप्तरात तिच्याबद्दल काही लिहून ठेवलं असेल, तर ते खोडा. नसेल लिहिलं, नुसतंच ठरवलं असेल, तर जिथे जिथे बोललात तिथे जाऊन सांगा. मीही येते बरोबर. घरोघरी जाऊ.

विलासराव, तुमच्या बहिणीने मला वाचवलं, आणि तिला तुमच्या घराच्या दारात त्याची किंमत मोजावी लागली. तुम्ही मला ओरडलात तरी चालेल. तुम्ही ओरडणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणून जास्त जड जातंय.

संपवते.

शोकसभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं. त्या दोन मिनिटांत कुमुदला आठवा. तिच्याशी मनात जे बोलायचं असेल ते बोला. ते कुणाला कळणार नाही. मी मात्र खूप गप्प राहिले आहे. म्हणून एक विनंती. शांतता संपली की पायात चपला घालून, मान हलवून, निघून जाऊ नका. मी इथेच, या खुर्चीवर बसते आहे. ज्याला मला काही बोलायचंय, त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलावं. मंगल, आधी तू.

उठूया.